शेवयांच्या डब्यातल्या चिठ्ठ्या

माझा आवाज मोठा आहे. म्हणजे चांगलाच मोठा. बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, त्यातली निम्मी वर्षं एकाच खोलीत दोन वर्ग. पलीकडच्या वर्गाचा गोंधळ कापून आपलं म्हणणं पोचवायचं तर दुसरा इलाजच नसतो. आमच्या गल्लीत कोणाला फोन लागला नाही की म्हणतात, "बाईले सांग, त्या दारातून हाक मारतीन." रिटायर झाल्यावर या आवाजाचं करायचं काय, हा प्रश्नच होता. तो सुटला आमच्याच पुढच्या खोलीत, बाजाराच्या दिवशी. आणि सुटता सुटता त्यानं मला अशा जागी आणून उभं केलं, की आजही आठवलं की कानाच्या पाळ्या गरम होतात.

घर आमचं जळगाव जामोदला, बाजाराच्या रस्त्याला लागून. एक दिवस बुलढाण्याहून एसटीनं एक मुलगी आली. तिशीच्या आतली, खांद्याला पिशवी, पायात बूट. समुपदेशक आहे म्हणाली. सगळ्या तिला ताई म्हणतात, मीही तोंडावर ताईच म्हणते, पण मनात ती माझ्यासाठी पोरगीच. तिचं म्हणणं असं, की घरात ज्यांना कोणी मारत नाही, पण बोलून बोलून नाहीतर मुद्दाम न बोलून ज्यांचं मन मोडलंय, अशा बायांनी आठवड्यातून एकदा एकत्र बसायचं. त्यासाठी खोली हवी होती. मी म्हटलं, घ्या की, पुढची खोली रिकामीच असते, वर चहा पण देईन. मला वाटलं, आपण समाजसेवा करतोय.

बाजाराचा दिवस तिनं हुशारीनं निवडला होता. एरवी बाई उंबऱ्याबाहेर पडली की दहा तोंडं विचारतात, कुठं चालली, काऊन चालली. बाजाराच्या दिवशी हातात पिशवी असली की कोणी काही विचारत नाही. पण पहिल्याच आठवड्यात घोळ झाला. नऊ बाया आल्या, नऊही रिकाम्या पिशव्या घेऊन. आधी बसू, जाताना भाजी घेऊ, असा प्रत्येकीचा बेत. बराच वेळ कोणी तोंड उघडेना. मग एकीनं उघडलं, तिला रडू फुटलं, तिचं बघून दुसरीला, आणि बाहेर पडल्या तेव्हा बाजार उठलेला. एका म्हातारीच्या पाटीत तेवढी दोडकी उरली होती. त्या संध्याकाळी नऊ घरांत दोडक्याची भाजी शिजली, आणि नऊही घरांत विचारलं गेलं, बाजारात दुसरं काही नव्हतं काय? पुढच्या वेळी आमच्यातल्या शिलाईवालीनं आल्या आल्या जाहीर केलं, "हे पाहा बायांनो, आधी भाजी, मंग रडणं." तोच आमचा पहिला नियम.

ही शिलाईवाली म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी ब्लाउज शिवते ती. जीभ तिच्या कात्रीपेक्षा धारदार. ताईनं 'करुणा' हा शब्द काढला, स्वतःविषयी करुणा बाळगायची म्हणाली, तेव्हा हीच म्हणाली, "ताई, करुणा म्हटलं का मले कीर्तनात बसल्यावानी वाटते. माया म्हणा नं." तेव्हापासून आमच्यात मायाच. उजवा हात छातीवर ठेवायचा, डोळे मिटायचे, आणि आपल्या लेकराशी बोलतो त्या आवाजात स्वतःशी बोलायचं. पहिल्यांदा केलं तेव्हा सगळ्या फिदीफिदी हसल्या. डोंगराकडच्या गावाहून येणारी एक शेतकरीण होती, पिशवी मांडीवर घट्ट धरून बसायची, कधी अक्षर बोलायची नाही. तिनं डोळे मिटले ते घोरायलाच लागली. कोणीतरी तिला हलवायला गेलं, तर ताई म्हणाली, "झोपू द्या त्यांना. घरी कोणी झोपू देत नसेल." तेव्हा मात्र कोणी हसलं नाही.

मी दारापाशी खुर्ची टाकून बसायची. धड आत नाही, धड बाहेर नाही. मला कुठं काय झालं होतं? "आमच्या यांनी मला कधी बोट लावलं नाही," हे मी आयुष्यभर अभिमानानं सांगत आले. खरंच नाही लावलं. तहसील कचेरीत कारकून, सुपारीचंही व्यसन नाही, कपड्यांना कडक इस्त्री, गावात मान. उन्हाळ्यात मी शाळेतून आले की माठातलं पाणी स्वतः भरून आणून द्यायचे, हेही खरं. पण मी काही करायला घेतलं, बँकेचा अर्ज भरणं म्हणा, पडद्याला कापड निवडणं म्हणा, पाहुण्यांशी निवडणुकीवर दोन शब्द बोलणं म्हणा, की ते नाकातून थोडंसं हसायचे आणि म्हणायचे, "राहू दे. तुह्यानं नाही होणार." बस, एवढंच. आवाज चढवून नाही. चारचौघांत तर आणखी गोड.

आणि मी तरीही ते केलं, तर अबोला. एकदा त्यांना न विचारता शाळेची सहल लोणारला नेली, तर पोळ्यापासून दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. मी ताट वाढायची, ते जेवायचे, उठायचे. दारात त्यांची चप्पल कशी वाजते, त्यावरून मी आजचा दिवस कसा जाणार ते ओळखायची. त्यांना जाऊन चार वर्षं झाली. अजूनही बाहेर चप्पल वाजली की मी बोलता बोलता गप्प होते, आणि खोटं कशाला बोलू, माठ भरताना त्यांची आठवण आली की डोळेही भरतात. दोन्ही एकदम खरं असू शकतं, हे मला ताईनं सांगितलं. तोवर मी दोन्हीतलं एक खोटं ठरवायच्या मागं होते.

घरात आता मी आणि सून. मुलगा अकोल्याला नोकरीला, शनिवारी येतो. सून सुलतानपूरची, लोणार तालुक्यातली. जिल्हा एकच, पण बोली वेगळी. आम्ही 'मले' म्हणतो, ती 'मला'. आम्ही 'करून राह्यलो', ती 'करायले'. मी तिची नक्कल करायची, ती हसायची, निदान मला तसं वाटायचं. लग्न होऊन आली तेव्हा सारखी गुणगुणायची. भांडी घासताना, कणीक मळताना, केस विंचरताना. शब्द नाहीत, नुसतं हं हं हं. मला फार आवडायचं, पण मी तिला तसं कधी सांगितलं नाही. सासूनं कशाला सांगायचं?

मग कधीतरी ते बंद झालं. कधी, ते मला सांगता येणार नाही, आणि तीच तर लाज आहे. चाळीस पोरांच्या वर्गात एक पोर गप्प झालं तर मधल्या सुट्टीच्या आत मला कळायचं, आणि घरातलं एक माणूस गप्प झालेलं कळलं नाही. ती अलीकडं विचारायला लागली होती, "आई, चार दिवस माहेरी जाऊन येऊ का?" विचारताना माझ्याकडं नाही, फरशीकडं बघायची. मी म्हणायची, पाहू. मला आतून भीती वाटत होती, की ही गेली तर परत यायची नाही. का वाटत होती, ते मी स्वतःला विचारत नव्हते.

चिठ्ठ्यांची युक्ती ताईची. आपण मनातल्या मनात स्वतःला जे टोचून बोलतो, ते वाक्य कागदावर लिहायचं, नाव घालायचं नाही, आणि डब्यात टाकायचं. डबा माझा, शेवयांचा, चांगला मोठा स्टीलचा. शेवया उन्हाळ्यातच संपल्या होत्या. एका बाजारापासून दुसऱ्या बाजारापर्यंत तो आमच्या स्वयंपाकघराच्या फळीवर असायचा, कारण काही जणींना घरी लिहायची सोय नव्हती. त्या मधल्या दिवशी वाटी घेऊन विरजण मागायला यायच्या, आणि चिठ्ठी टाकून जायच्या. त्या महिन्यात आमच्याकडं दह्याला गिऱ्हाईक फार.

वाचायचं काम माझं, आवाजामुळं. नियम मीच घालून दिले. मास्तरीण ना मी! चिठ्ठी अर्धी सोडायची नाही, पूर्ण वाचायची. आणि अक्षर ओळखलं तरी कोणाचं ते विचारायचं नाही. वाचून झालं की सगळ्यांनी त्या चिठ्ठीला उत्तर द्यायचं, आपल्या सख्ख्या बहिणीनं हे सांगितलं असतं तर काय म्हणालो असतो, तसं. एका चिठ्ठीत होतं, 'मी तोंड उघडलं का घरात भांडण होते.' एकीत होतं, 'मी जाड झाली म्हणून ते माह्यासंग बाहेर येत नाही.' त्यावर शिलाईवाली म्हणाली, "अवं, मंग तू एकटीच जाय नं! त्याले म्हणा, बस घरी अन् लसूण सोल." खोली हसून हसून लोटपोट. पण ज्या बाईची ती चिठ्ठी होती, तिनं पुढच्या बाजाराला नवी साडी नेसली होती. ओळखलं मी, पण विचारलं नाही.

तिसऱ्या का चौथ्या बाजाराला मी पण एक चिठ्ठी टाकली. गंमत म्हणून, असं स्वतःला सांगितलं. त्यात एकच ओळ: 'राहू दे, तुह्यानं नाही होणार.' माझ्याच हाताला ती आली, आणि माझ्याच तोंडानं वाचली. वाचताना आवाज फाटला. आजवर कधी फाटला नव्हता, इन्स्पेक्शनच्या दिवशीसुद्धा नाही. मग शिलाईवाली, जी एरवी मला 'अवो बाई' केल्याशिवाय बोलत नाही, ती एकदम एकेरीवर आली. "होते वं माय तुह्यानं. बत्तीस वर्षं लेकरं शिकोली तुनं, आणखी काय व्हायचं राह्यलं?" नाव न घेण्याच्या नियमाचे तीनतेरा. सगळ्या हसल्या, मी हसता हसता पदर तोंडाला लावला. त्या दिवशी मी खुर्ची दारातून उचलली आणि आत, त्यांच्या गोलात नेऊन ठेवली.

मला वाटलं, झालं. काटा निघाला. आता आपण मोकळे.

थंडी पडली. सातपुड्याकडून वारं यायला लागलं, बायांच्या पिशव्यांतून मुळ्याचे पाले डोकावायला लागले. त्या बाजाराला सून नेहमीसारखी आत चहा ठेवत होती. मधल्या दाराला पडदा आहे, त्यामागून कपांचा आवाज येत होता. मी चौथी चिठ्ठी उघडली. जुन्या कॅलेंडरच्या पानाचा तुकडा होता. मी वाचलं, "'राहू दे, तुझ्यानं नाही व्हायचं.'"

"अवो बाई," शिलाईवाली म्हणाली, "ही तं तवाचीच हाय. दोनदा काऊन टाकली?"

क्षणभर मलाही तेच वाटलं. पण खाली आणखी ओळी होत्या, माझ्या चिठ्ठीत तर एकच होती. आणि अक्षर. माय वं, अक्षर! उभा जन्म मी अक्षरं ओळखण्यात घालवला. हे अक्षर मी रोज सकाळी किराण्याच्या यादीवर बघते, मसाल्याच्या बरण्यांना लावलेल्या पट्ट्यांवर बघते. गोल, थोडं डावीकडं कललेलं, वरची रेघ शब्दाच्या पुढं निघून गेलेली. हातातला कागद मला दिसेनासा झाला. पण अर्धी सोडायची नाही, हा नियम माझाच होता.

मी वाचलं. "'हे आता मला कोणी म्हणायची गरज राहिली नाही. कणकेत पाणी घालायच्या आधी मीच म्हणते. म्हणणारं माणूस वाईट नाही. हसून म्हणतं. म्हणून तर कोणाला सांगता पण येत नाही.'"

हसून. नाकातून थोडंसं. माझ्या नाकातून. पोळी गोल झाली नाही की मी तिच्या हातातलं लाटणं घ्यायची, आणि वर तिच्याच बोलीत, तिची नक्कल करत, ते म्हणायची. गॅसची टाकी बदलताना म्हटलं होतं. पाहुण्यांना पोहे देताना, पाहुण्यांसमोर म्हटलं होतं. मला वाटायचं, मी तिचं काम हलकं करते. पडद्यामागं कपांचा आवाज थांबला होता.

मग उत्तरं सुरू झाली. ती मी माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीत बसून ऐकली. "कोण हाय वं थे मेलं?" "त्याच्याच तोंडात कणीक कोंबा!" शिलाईवाली तर उभी राहिली. "नवरा नसन हा. नवरा ओरडते. हसून सुई टोचायचं काम सासूचं. लिहून देते, सासूच हाय!" सगळ्या हसल्या. मीही हसले, काय करणार?

ताईनं सगळ्यांना शांत होऊ दिलं. मग म्हणाली, "जिनं लिहिलं तिला आपण धीर दिला. आता सांगा, जे माणूस असं म्हणतं, त्याला कसली भीती असेल?" माझ्या तोंडून निघून गेलं, "आपल्यावाचून चालून जाईल, याची." इतकं हळू, की ते बहुतेक ताईनंच ऐकलं. तिनं माझ्याकडं बघितलं आणि नजर लगेच दुसरीकडं वळवली. भली पोरगी.

बाया गेल्यावर मी आत गेले. सून कप विसळत होती. बत्तीस वर्षं तोंडाचा पट्टा चालवलेली मी, पण मला एक धड वाक्य सुचेना. म्हटलं, "आज चहा छान झाला होता."

"साखर घालायची राहिली होती, आई," ती म्हणाली. "शिलाईवाल्या मावशींनी येऊन सांगितलं."

गोड बोलायला गेले आणि असं तोंडावर पडले. मग मी तेच केलं जे करायचं नव्हतं. "ती चिठ्ठी तुझी होती ना? मला तोंडावर सांगायला काय झालं होतं? चारचौघींत माझ्याच तोंडून वाचून घेतलीस!" वर्गातला आवाज, पुरता. माझाच नियम, आणि तो मीच पायदळी तुडवला. तिनं कप उपडे घातले, ओढणीला हात पुसले. दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग भरून बाहेर आली आणि म्हणाली, "आई, मी माहेरी जाऊन येते." या वेळी तिनं विचारलं नाही, सांगितलं. मी स्टँडपर्यंत गेले. बस सुटताना तिनं हात हलवला, मीही हलवला. परत कधी येशील, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

त्या आठवड्यात घर खायला उठलं. मी एकटीपुरत्या दोन पोळ्या करायची. एक दिवस त्यातली एक करपली, आणि मी मोठ्यानं म्हटलं, "राहू दे, तुह्यानं..." आणि थांबले. हे कोण म्हणत होतं? ते की मी? ताईनं शिकवल्यासारखा हात छातीवर ठेवला, तर आत नुसता राग. त्यांच्यावर राग, सुनेवर राग, सगळ्यात जास्त स्वतःवर. तशीच करपलेली पोळी खाल्ली, शिक्षा म्हणून.

पुढच्या बाजाराला बाया बसल्या, मी डबा उघडायला हात लावला आणि काढून घेतला. म्हटलं, आधी माझं ऐका. "मागच्या वेळची ती सासू मीच."

शिलाईवालीच्या हातातली मेथीची जुडी खाली पडली. "अवो बाई, मी तं आपली उगीच..."

"तू बरोबर बोलली," मी म्हटलं. "कोंब कणीक."

कोणी हसावं की नाही, कळेना. मी सगळं सांगितलं. कप, साखर, माझं ओरडणं, बस. सांगताना स्वतःला काय काय शिव्या दिल्या ते आता लिहीत नाही. ताईनं पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई, तुमच्या वर्गातली एखादी मुलगी अशी चूक करून तुमच्याकडं आली असती, तर तिला काय म्हणाला असता?"

"कान धरला असता," मी म्हटलं.

आता मात्र सगळ्या हसल्या. ताई म्हणाली, "आणि मग?"

मी विचार केला. खरंच आठवून बघितलं, अशा कितीतरी आल्या होत्या. "मग जवळ घेतलं असतं. म्हटलं असतं, चुकलं ना? चुकते माणूस. रडू नको, जा, तिला सांगून ये."

"तर मग तेवढंच करा," ताई म्हणाली. "कान धरून झालाय तुमचा. आठवडाभर धरूनच बसल्या आहात."

तेव्हा ती शेतकरीण बोलली. मांडीवरची पिशवी न सोडता, पहिल्यांदाच. "माह्या सासूनं मरेपर्यंत नाही म्हटलं, का माह्यं चुकलं. मी वाट पाह्यली." मग म्हणाली, "तुम्ही जा, बाई."

दुसऱ्या दिवशी मी सकाळची पहिली बस धरली. खामगाव, मेहकर, मग सुलतानपूर. तीन गाड्या, अर्धा दिवस. सुनेला आणायला सासूनं स्वतः जाणं आमच्यात बसत नाही. मुलगा जातो, नाहीतर तिचा भाऊ आणून सोडतो. सासू एकटी दारात आली म्हणजे कोणी तरी गेलं, नाहीतर भांडण घेऊन आली. फोन केला असता तर विहीणबाईंनी पुरणाचा घाट घातला असता, म्हणून फोनही केला नाही. तिन्ही गाड्यांत मी काय बोलायचं ते घोकत होते, पंधरा ऑगस्टच्या भाषणासारखं.

त्यांच्या घराचं दार उघडं होतं. आतून भांडी घासल्याचा आवाज येत होता, आणि त्या आवाजात मिसळून, हं हं हं. मी उंबऱ्याबाहेरच थांबले. किती महिन्यांनी ऐकत होते! समोरच्या ओट्यावरच्या दोन शेजारणी उठून उभ्या राहिल्या, त्या काही बोलणार तोच मी ओठांवर बोट ठेवलं. मला तेव्हा एवढंच कळत होतं, की माझं पाऊल आत पडलं की हे बंद होणार. माझी चप्पल वाजली की गप्प होणारं माणूस त्या घरात होतं. मी चपला काढल्या, हातात घेतल्या, आणि तिथंच उभी राहून रडले. साठी उलटलेली बाई, भर दुपारी, लोकाच्या दारात.

विहीणबाईंनी बघितलं आणि धावतच आल्या. "अगं बाई! तुम्ही? काय झालं? जावई बरे हायत ना?" गुणगुण थांबली. सून मागच्या अंगणातून आली, दोन्ही हात राखेनं भरलेले.

घोकलेलं सगळं भाषण मी विसरले. घाबरले की माझी शाळेतली शुद्ध भाषा पळून जाते. "मी तुले न्यायले नाही आली," मी म्हटलं. "सांगायले आली. मले एका माणसानं जन्मभर हसून म्हटलं, का तुह्यानं नाही होणार. किती दुखते ते मले माहीत होतं. तरी म्या तुले तेच म्हटलं. माह्यं चुकलं. चिठ्ठी वाचून वर ओरडली, ते त्याच्याहून चुकलं. तू घरी ये, नाहीतर अकोल्याले जाय, तुह्या मनानं कर. पण थे वाक्य तुह्यं नाही, पोरी. माह्यं पण नव्हतं. थे तू डोक्यात ठेवू नोको. अन् तू गुणगुणते ना, थे मले लय आवडते. पहिल्या दिवसापासून आवडते."

विहीणबाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या होत्या. सुनेच्या हातांवरची राख वाळत चालली होती. तिनं विचारलं, "आई, चपला कशाला हातात धरल्या?"

मी बघितलं, तर खरंच, दोन्ही चपला छातीशी धरून मी ते सगळं बोलले होते. तिनं त्या माझ्या हातातून घेतल्या आणि दाराशी ठेवल्या. "बसा. चहा टाकते," ती म्हणाली, आणि आत जाता जाता मागं वळली. "साखर घालून."

जेवून दुपारच्या गाडीनं मी एकटीच परत निघाले. ती सोबत आली नाही, आणि मीही एकदासुद्धा चल म्हटलं नाही. त्यासाठी जीभ किती वेळा चावली, ते मलाच माहीत.

मध्ये दोन बाजार गेले. तिसऱ्याच्या आदल्या दिवशी ती आली, आपली आपण, पिशवीत विहीणबाईंनी दिलेली तुरीची डाळ घेऊन. अकोल्याला खोली घेऊन नवऱ्याजवळ राहायचं उन्हाळ्यानंतर बघू म्हणाली, मी म्हटलं, बघा. तेव्हापासून घरात सगळं गोडगोड आहे असं कोणी समजू नका. माझी जीभ अजून सुटते. 'राहू...' इथपर्यंत येते आणि मी गिळते. ती लाटणं वर करून माझ्याकडं बघते, मग दोघींनाही हसू येतं. पोळ्या मात्र तिच्या अजून वाकड्याच होतात, आणि मी त्या खाते.

त्या बाजाराला मी डबा उघडून बसले. ती आत चहा ठेवत होती. दुसरी चिठ्ठी अर्ध्यावर आली असेल, आणि पडद्यामागून ते आलं. हं हं हं. बारीक, कपांच्या आवाजात मिसळलेलं. चिठ्ठी अर्धी सोडायची नाही, म्हणून मी वाचत राहिले, पण माझा आवाज आपोआप खाली आला, मग आणखी खाली.

"अवो बाई," शिलाईवाली भिंतीकडून ओरडली, "मोठ्यानं वाचा नं! काही ऐकू नाही येऊन राह्यलं."

"तुले नाही येत असन," मी म्हटलं. "मले येऊन राह्यलं."